गच्चीवरचे पाच गट

२ मे, सकाळी ७.१०
अनसूया काल नागपूरला गेली. तिच्या बहिणीच्या, कुंदाच्या, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. चार आठवडे घरात मी आणि आमची मुलगी दुर्वा. निघताना अनसूया सांगून गेली की गच्चीवरच्या झाडांना रोज सकाळी पाणी द्या, बाकी काही म्हणजे काही करू नका. हे घरात दोनदा, मदन महल स्टेशनवर तिसऱ्यांदा, आणि गाडी हलल्यावर खिडकीतून हाताने.

चौतीस वर्षं फॅक्टरीचं स्टोअर सांभाळलं. अकरा हजार आयटम. प्रत्येकाला जागा, प्रत्येक जागेला कार्ड. अशा माणसाला ‘काही करू नका’.

फेब्रुवारीत रिटायर झालो. मार्चमध्ये स्वयंपाकघरातले डबे अक्षरानुक्रमे लावून दिले. मीठ वरच्या फळीवर गेलं, त्याला माझा इलाज नाही, ‘म’ तिथेच येतो. अनसूया दोन दिवस बोलली नाही. नवी पद्धत रुळायला वेळ लागतो.

आज गच्चीवर कुंड्या मोजल्या. ११८. क्रम शून्य. गुलाबाच्या पायाशी फर्न, फर्नच्या डोक्यावर मनीप्लांट, कढीपत्त्याच्या सावलीत आणखी कोणीतरी. इथे काही शोधायचं म्हटलं तर तिच्याशिवाय कोणाला सापडणार नाही. स्टोअरमध्ये याला गुन्हा म्हणतात.

संकल्प: ती परत येईपर्यंत सर्व झाडांचं शास्त्रीय वर्गीकरण. सरप्राइज.

३ मे
माळ्यावरून दुर्वाचं अकरावीचं बायोलॉजीचं पुस्तक काढलं. ती आता बँकेत आहे, तिला नको आहे. वनस्पतींचा धडा तेवीस पानांचा. चार वाचली. सोपं आहे. एकूण पाच गट. शेवाळ. मग मॉस, म्हणजे भिंतीवर मखमलीसारखं येतं ते. मग फर्न, म्हणजे नेचे, ज्यांना फूल नाही आणि बीही नाही. मग उघड्या बियांची झाडं. आणि शेवटी फुलांची, ज्यांचं बी फळात झाकलेलं असतं. या शेवटच्या गटाचे दोन भाग: ज्यांच्या बीची डाळ होते ते आणि होत नाही ते. बस. सगळी पृथ्वी पाच रॅकमध्ये. उरलेली एकोणीस पानं तपशील असणार.

दुर्वाला योजना सांगितली. तिने विचारलं, बाबा, आई काय सांगून गेली? मी म्हटलं, पाणी द्या. और? ती म्हणाली. मी उठून गच्चीवर गेलो.

५ मे
मांडणी ठरली. पुस्तकात म्हटलंय की वनस्पती आधी पाण्यात होत्या, मग हळूहळू जमिनीवर आल्या. म्हणून सुरुवात पाण्याच्या टाकीपासून. टाकीच्या नळाखाली शेवाळ आहेच. कठड्यावर मॉस आहेच, वाळलेलं आहे पण आहे. दोन गट हात न लावता तयार! त्यांच्या पुढे फर्न, मग उघड्या बियांची, आणि जिन्याच्या दारापाशी फुलांची. दारातून येणारा माणूस आधी प्रगती पाहील आणि चालत चालत मुळापर्यंत जाईल.

शेजारच्या गच्चीवरून चौबेजी बघत होते. भाईसाहब, मकान खाली कर रहे हैं क्या? मी म्हटलं, नहीं जी, विज्ञान है. ते म्हणाले, अच्छा अच्छा, भाभीजी को मालूम है? मी पाठमोरा झालो.

८४ कुंड्या हलवल्या. कंबर धरली आहे.

७ मे
लेबलं केली. प्लास्टिकच्या झाकणांच्या पट्ट्या, काळा मार्कर, नाव, गट क्रमांक आणि अनुक्रमांक.

कोणती फुलांची आणि कोणती बिनफुलांची यावर वेळ घालवायचं कारण नाही. सकाळी नऊला इन्स्पेक्शन घेतलं. फूल दिसलं तर फुलांची. दिसलं नाही तर नाही. निकाल: फुलांची ३१, बिनफुलांची ८७. मनीप्लांट, क्रोटन, कढीपत्ता, लिंबू, सगळे फर्नच्या रांगेत गेले. आपल्याकडे इतके फर्न आहेत हे अनसूयाला ठाऊकही नसेल.

दुर्वा चहा घेऊन वर आली होती. म्हणाली, बाबा, चौबेजींच्या आंब्याला आत्ता फूल नाही. मग आंबा पण फर्न झाला का? मी म्हटलं, आंबा आपल्या स्टॉकमध्ये नाही. ती म्हणाली, और लिंबू? हे लिंबू जे खाऊन राहिले आपण? लिंबाला मी तात्पुरतं ‘इतर’ मध्ये टाकलं.

११ मे
त्रेचाळीस डिग्री. टाकीकडच्या कोपऱ्यात दुपारी बाराच्या पुढे ऊन असतं, हे पुस्तकात नव्हतं. फर्नची पानं तपकिरी झाली आहेत. जुनं पान टाकल्याशिवाय नवं येत नाही, त्यामुळे चांगलंच.

अनसूयाचा फोन. फर्न सावलीत आहेत ना, विचारत होती. मी सांगितलं की त्यांना स्वतंत्र जागा दिली आहे. ती म्हणाली, तुम्ही काहून हात लावला? मी म्हटलं, आवाज कटून राहिला. खरं म्हणजे आवाज स्वच्छ येत होता.

१४ मे
खालच्या मजल्यावर मार्चपासून भाडेकरू आहेत, वीणा मॅडम. पुण्याच्या. इथल्या कॉलेजात बॉटनी शिकवतात. दुर्वाने परस्पर त्यांना वर आणलं. मुलीने बापावर ऑडिट लावलं.

मॅडम फिरल्या, लेबलं वाचली, दोनदा तोंडावर रुमाल धरला. धूळ होती. मग मोठ्या कुंडीपाशी थांबल्या. काका, याला तुम्ही पाम लिहिलंय. हा पाम नाही, सायकस आहे. याला फूल येत नाही, याचं बी उघडं असतं. तुमचा चौथा गट रिकामा आहे ना, त्यात हा एकटा येतो. मी म्हटलं, बाई, हे झाड बावीस वर्षं या घरात पाम म्हणून आहे. त्या म्हणाल्या, झाडाला कुठे माहीत आहे.

मनीप्लांटलाही फूल येतं म्हणे, फक्त कुंडीत येत नाही. आज फूल दिसतंय का असा प्रश्नच नसतो, झाडाची घडण पाहायची असते, असं त्यांचं म्हणणं. मी शांतपणे सांगितलं, मॅडम, जे रॅकवर दिसत नाही ते स्टॉकमध्ये नाही, या तत्त्वावर एक अख्खी फॅक्टरी चालली आहे. यावर त्यांनी तिसऱ्यांदा रुमाल काढला. पटलं असावं.

जाताना म्हणाल्या, काका, फर्न तेवढे आजच सावलीत घ्या हो. बाकी चूक सुधारता येईल.

बाकी चूक! तरुण आहेत.

१५ मे
फर्न सावलीत घेतले. याचा कालच्या भेटीशी संबंध नाही. कंबर बरी वाटत होती म्हणून घेतले. खरे फर्न चौदा होते. आता पाच.

सायकस चौथ्या गटात हलवला. एकटाच उभा आहे. दिसतो रुबाबदार. मी तसंही तिथेच ठेवणार होतो.

१९ मे
शेवटचा टप्पा: फुलांच्या झाडांचे दोन भाग. याला बी लागतं. झाडांवर बिया नाहीत. पण ओट्याखाली अनसूयाचा पत्र्याचा डबा सापडला, त्यात कागदाच्या अकरा पुड्या. एकावरही नाव नाही! ओळख काय, तर दोरे. पांढरा दोरा, हिरवा दोरा, लाल दोरा. बिनालेबल माल म्हणजे बेवारस माल.

पद्धत: बिया भिजवायच्या, साल काढायची, नखाने दाबायचं. दोन फाका झाल्या तर एक भाग, नाही झाल्या तर दुसरा.

२० मे
एकूण बिया २१४. तपासल्या २१४. पहिल्या बीतच उत्तर कळतं, असं दुर्वा म्हणाली. पण दोनशेतली एक फोडून बाकीच्यांवर विश्वास टाकायचा याला तपासणी म्हणत नाहीत. शंभर टक्के इन्स्पेक्शन हा माझा नियम होता आणि आहे. झेंडूचं बी नखात मावलं नाही, भिंगाखाली चेपून पाहिलं.

लाल दोऱ्याच्या पुडीत वाल होते, राखेत ठेवलेले. अडतीस. धुतले, भिजवले, सोलले. अडतीसही दोन फाकांचे. एकही अपवाद नाही. निसर्गाची क्वालिटी कमाल आहे.

सोललेले वाल टाकून कसे देणार? घरात वाटीभर वाल होते, त्यात मिसळून उसळ केली. गूळ, ओलं खोबरं. दुर्वाने दोनदा घेतली. म्हणाली, बाबा, ये एक काम सही किया तुमने.

२४ मे, दुपार
अनसूयाचा फोन. कुंदा बरी आहे, चालते आहे. मग म्हणाली की ओट्याखालच्या डब्याला ओल लागू देऊ नका. त्यात लाल दोऱ्याची पुडी आहे, आईचे वाल. मी आल्या आल्या लावते.

सासूबाई सौंसरला राहायच्या. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. अंगणातला वेल त्यांच्या हातचा होता. ते घर विकलं तेव्हा अनसूयाने काही मागितलं नाही, फक्त शेंगा आणल्या. दर वर्षी लावते, दर वर्षी चांगल्या शेंगा वेगळ्या ठेवते. कठड्यावर वेल असतो हे मी पाहिलं आहे. तो कुठून आला हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. स्टोअरमध्ये त्या वर्षी स्टॉकटेकिंग होतं.

पुडी जागेवर आहे ना? तिने विचारलं. मी म्हटलं, आहे.

हे खोटं नाही. प्रश्न पुडीचा होता.

२४ मे, संध्याकाळ
दुर्वाला सांगितलं. ती ऑफिसची बॅग खांद्यावर घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, हमने आजी की सेमी, वो वाल, खा ली? मी म्हटलं, अज्ञानात. ती म्हणाली, आईला आत्ता फोन करा. मी म्हटलं, योग्य वेळी. ती जेवली नाही.

दोष कोणाचा, याचा शांतपणे विचार केला. लेबल असतं तर हे घडलं नसतं. इतकंच लिहून ठेवतो.

२६ मे
अनसूया आणखी दोन आठवडे राहणार. कुंदाला अजून गरज आहे. दुर्वा म्हणाली, मावशी तर भाजी आणायला जाऊन राहिली, व्हिडिओ कॉलवर पाहिलं मी. मग आई काहून राहते, असं मी विचारलं. दुर्वा म्हणाली, तुम्हीच वर्गीकरण करा बाबा.

तरुण पिढीला सरळ उत्तर देता येत नाही.

२८ मे
उपाय सापडला. वाल म्हणजे वाल. फुलांचा गट, दोन फाकांचं बी, शेंगा येणारं कुळ. तोच आयटम. स्टोअरमध्ये एक पार्ट संपला तर त्याच नंबरचा दुसरा देतात. मशीन विचारत नाही की आधीचा कुठे गेला.

कांचघरच्या बाजारात बियाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, दादा, हाइब्रिड है, खूब फलेगी. लेकिन इसका बीज मत रखना, अगले साल नया लेना पड़ेगा. मी म्हटलं, ते पुढच्या वर्षी पाहू. अडतीस मोजून घेतले. तो हसत होता. मोजणाऱ्या माणसाला लोक हसतात.

बियांना गुलाबी औषध लावलेलं. हातमोजे घालून तीनदा धुतलं. तरी गुलाबीच दिसतात. थोडे.

३० मे
राख हवी. गॅसच्या घरात राख कुठून आणायची? देवघरातली उदबत्तीची राख आठ दिवसांची साठली होती, ती लावली. लाल दोरा बांधला. ओळखू येत नाही. मला तरी.

५ जून
रात्री झोप नीट नाही. उकाडा.

गच्चीवर आता ९६ कुंड्या. मेलेली २२ झाडं ‘निकामी’ म्हणून वेगळ्या रजिस्टरमध्ये घेतली. चौबेजी म्हणाले, भाईसाहब, भाभीजी कब आ रही हैं? त्यांच्या आवाजात काळजी होती. कोणाची, ते कळलं नाही.

वीणा मॅडमनी न विचारता एक फर्न आणून दिला. काकूंना सांगू नका मी दिला म्हणून, असं म्हणाल्या. मी लेबल लावलं: गट ३, अनुक्रमांक ६. नाही म्हणालो असतो, पण गटाची संख्या फार पडली होती.

१३ जून, संध्याकाळ
आली. थोडी उजळली आहे. नागपूरचं पाणी मानवलं असावं.

चहा झाल्यावर तिला वर नेलं. छडी घेतली होती. टाकीपासून सुरुवात करून सगळं समजावलं. ती एकेक लेबल वाचत होती. मधेच विचारलं, गुलाब उन्हात एकटा काहून? मी म्हटलं, गट पाच. फर्नपाशी वाकली, कुंड्या मोजल्या. कढीपत्त्याच्या काड्यांना हात लावला. भाषण मी पूर्ण केलं.

खाली येऊन सरळ ओट्याखालचा डबा काढला. पुडी सोडली. एक वाल तळहातावर घेतला. मग पुडी नाकाशी नेली. देवघराचा वास येऊन राहिला, म्हणाली.

मी सांगायला सुरुवात केली: गट तोच, कुळ तेच, दुकानदाराची गॅरंटी. तिने मध्येच विचारलं, आईचे किती उरले?

मी म्हटलं, तपासणी शंभर टक्के होती.

एक तरी ठेवायचा होता हो, म्हणाली. पुडी परत बांधली, दोऱ्याला दोन गाठी मारल्या आणि खुर्चीवर बसून राहिली. दुर्वा तिच्यापाशी जाऊन बसली. ती ओरडली असती तर माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. ओरडली नाही. तिन्ही उत्तरं तशीच राहिली.

१४ जून
सकाळी म्हणाली, उद्यापासून सहा ते आठ मी वर असते. तुम्ही येऊ नका.

मी म्हटलं, घर माझ्या नावावर आहे. ती म्हणाली, घर ठेवा तुमच्याकडे. मला ते दोन तास पाहिजे. तिथे मला कोणी काही विचारत नाही.

आधीही जायची म्हणे, रोज. अठ्ठावीस वर्षं. मी त्या वेळी पहिल्या पाळीला निघालेला असायचो, मला कसं कळणार? नागपूरलाही सकाळी कुंदाच्या गच्चीवर बसून असायची, तिथे एकही झाड नाही तरी. हे दुर्वाने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

दोन तास मंजूर केले. तात्पुरते.

१५ जून, सकाळी ६.४०
वर कुंड्या सरकवल्याचे आवाज. आवाजावरून मातीची कुठली आणि प्लास्टिकची कुठली ते सांगू शकतो. आत्ता जी फरफटत गेली ती सायकसची. चौथा गट रिकामा झाला. पाण्याकडून जमिनीकडे आलेली सगळी उत्क्रांती तिने पाऊण तासात उलटी केली. मी खाली बसून आहे. रजिस्टर मांडीवर आहे. उघडलेलं नाही.

१६ जून
तिने ‘वर येऊ नका’ म्हटलं. वर म्हणजे गच्ची. जिना गच्चीत मोडत नाही, घरातही मोडत नाही. जिन्याबद्दल काहीही ठरलेलं नाही.

चहा केला. तिचा कप तिसऱ्या पायरीवर ठेवून आलो. आठ वाजता कप रिकामा.

१७ जून
सातवी पायरी. रिकामा.

दुकानाचे वाल तिने लावले का, हे विचारलं नाही. कितीदा तरी तोंडावर आलं. विचारलं नाही, याची नोंद असावी.

१८ जून
कपाखाली बशी ठेवायला विसरलो. कप तरीही रिकामा. संध्याकाळी एक वाक्य तयार केलं, वालाबद्दल. दोन ओळींचं. आरशासमोर म्हणून पाहिलं. दुर्वा दारातून गेली, थांबली नाही, पण लाइट लावून गेली.

१९ जून, सकाळी ७.१५
अकरावी पायरी. वरून आवाज आला, तिथेच थांबा. थांबलो. ती चार पायऱ्या उतरून आली. कोपरापर्यंत माती. कप घेतला. मी वाक्य सुरू केलं. ती म्हणाली, आठ वाजता बोला जी. आणि वर गेली.

म्हणजे ऐकणार आहे.

पाऊण तास आहे. वाक्य कागदावर उतरवून तपासलं. ‘तसं पाहिलं तर माझं चुकलं’ असं सुरू होतं. ‘तसं पाहिलं तर’ खोडलं.